लिनक्सच्या जन्माचे कागदपत्र

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न हमखास सापडतो : लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम कोणी व केव्हा तयार केली? उत्तर - लिनस टोरवाल्ड्स, १९९१. विद्यार्थी ते पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर चुकीचे नाही. पण समजा एखाद्या मुलीने वर्गात उभे राहून विचारले, "बाई, हे आपल्याला कशावरून कळले?" तर काय सांगायचे? हा प्रश्न नुसता चौकसपणाचा नाही. २००३ साली याच प्रश्नावरून अमेरिकेत अब्जावधी डॉलरचा दावा उभा राहिला आणि त्याचा शेवटचा कागद निकाली निघायला २०२१ साल उजाडले.

एखादी गोष्ट कोणी केली, केव्हापासून आहे आणि सर्वांची आहे की कोणा एकाची, हे प्रश्न आमच्या महाड-पोलादपूर भागाला नवे नाहीत. महाड शहराबाहेर हमरस्त्यालगत गांधारपाल्याची लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात कुमार काणभोअ वेण्हुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन पाण्याची टाकी आणि वाट दान दिल्याची नोंद आहे. कोणी दिले, काय दिले, किती दिले, सगळे दगडात. दुसरे उदाहरण याहून पुष्कळ मोठे आहे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतर काही मंडळी तळे खाजगी असल्याचा आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची वहिवाट पुरातन असल्याचा दावा घेऊन न्यायालयात गेली. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. वहिवाट अनादि काळापासून असल्याचे दावा करणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. माणसाच्या हक्काची ती लढाई आणि संगणकातली भांडणे यांचे मोल एक नाही, तशी तुलना आम्हाला करायचीही नाही. पण 'हे पूर्वीपासून आमचेच आहे' असे म्हणणाऱ्याला 'पुरावा दाखवा' असे विचारता येते, हे महाडकरांना कोणी वेगळे शिकवायला नको.

आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते आधी पाहू. महाडच्या एसटी स्थानकावर थोडा वेळ उभे राहा. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या, पोलादपूरकडे जाणाऱ्या, खेड्यापाड्यांत मुक्कामाला जाणाऱ्या, सगळ्यांची गर्दी. फलाट मोजके. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल, कोणती थांबून राहील, हे खिडकीमागे बसलेला वाहतूक नियंत्रक ठरवतो. प्रवाशाला त्याचे नावही ठाऊक नसते. पण तो तासभर जागेवर नसला तर काय होईल याची कल्पना करा. संगणकातही एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. एक पत्र लिहिण्याची, एक गाणे वाजवणारी, एक छपाई करणारी. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, कळफलक या साधनांवर प्रत्येकीचा डोळा असतो. ती साधने कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायची हे ठरवणारी मध्यवर्ती आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. फरक इतकाच की हा नियंत्रक एका सेकंदात शेकडो वेळा फलाट बदलतो, म्हणून आपल्याला सगळ्या गाड्या एकदमच धावत आहेत असे वाटते.

हा नियंत्रक ज्या नियमांनी वागतो ते नियम माणसाने माणसाला वाचता येईल अशा भाषेत, बहुधा 'सी' या संगणकीय भाषेत, लिहिलेले असतात. ही झाली मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड. संगणक ती जशीच्या तशी चालवत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, आणि झालेले रूपांतर माणसाला जवळपास अगम्य असते. बहुतेक कंपन्या फक्त हे रूपांतर विकतात, मूळ आज्ञावली कुलपात ठेवतात. मुक्त किंवा 'ओपन सोर्स' प्रणालीत मूळ आज्ञावली सर्वांना वाचायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळी असते. पाणी सार्वजनिक असले की ते कुठून आले आणि त्यात कोणी काय मिसळले याची चौकशी जास्त होते. इथेही तसेच आहे.

लिनक्सची वंशावळ युनिक्सपासून सुरू होते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी एका लहानशा पीडीपी-७ संगणकावर युनिक्सचा आरंभ केला. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. १९७३ मध्ये ती रिचींच्याच 'सी' भाषेत पुन्हा लिहिली गेली. बेल प्रयोगशाळा ज्या कंपनीची होती त्या एटीअँडटीवर सरकारशी १९५६ साली झालेल्या समझोत्यामुळे टेलिफोनखेरीज अन्य धंदा करण्याची बंधने होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ आज्ञावलीसकट मिळू लागली.

इथे एका शिक्षकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय फळ्यावर चौकोन आणि बाण काढून शिकवण्यापेक्षा खरीखुरी आज्ञावली मुलांच्या हाती द्यावी, असे त्यांना वाटले. १९७६-७७ मध्ये त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलमधील सुमारे ९,००० ओळी क्रमांक घालून छापल्या आणि सोबत प्रत्येक भागावर भाष्य लिहिले. अमुक ओळीत काय होते, का होते, इथे लेखकाने अशी युक्ती का केली असेल, असे सगळे. संस्कृत ग्रंथांवर टीका लिहिण्याची आपली परंपरा आठवावी असे हे काम. पुढे १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्या परवान्यात मूळ आज्ञावली वर्गात शिकवायला मनाई होती. लायन्स यांचे पुस्तक बाजारात मिळेना. मग विद्यार्थ्यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या, त्या प्रतींच्या प्रती काढल्या, अक्षरे पुसट झाली तरी त्या फिरत राहिल्या. ते पुस्तक उघडपणे प्रसिद्ध व्हायला १९९६ साल यावे लागले. १९९८ मध्ये लायन्स वारले. हे पुस्तक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

शिकवायला बंदी आल्यावर अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वेगळी वाट काढली. युनिक्ससारखी वागणारी, पण युनिक्सची एकही ओळ नसलेली 'मिनिक्स' ही छोटी प्रणाली त्यांनी स्वतः लिहिली आणि १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकासोबत दिली. तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली होती. युनिक्ससारखी संपूर्ण प्रणाली, पण मुक्त. १९९१ पर्यंत ग्नूकडे भाषांतर करणारी आज्ञावली होती, संपादक होता, आज्ञा स्वीकारणारा 'बॅश' होता. फक्त कर्नल तयार नव्हते. घर बांधून झाले, पण जोते व्हायचे होते असा उलटा प्रकार!

आता हेलसिंकी. लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवली. प्रोसेसरची कामे बदलण्याची सोय कशी चालते हे समजावे म्हणून त्याने एक खेळण्यासारखी आज्ञावली लिहिली : एक काम पडद्यावर 'ए' हे अक्षर उमटवत राही, दुसरे 'बी'. थोडे 'ए', मग थोडे 'बी', पुन्हा 'ए'. फलाट बदलत आहे हे डोळ्यांना दिसले! मग त्याने त्याच दोन कामांना उपयोगाचे रूप दिले. एक काम कळफलकावरचे अक्षर मोडेमकडे पाठवी, दुसरे मोडेमकडून आलेले पडद्यावर दाखवी. आता विद्यापीठाच्या संगणकाशी घरून बोलता येऊ लागले. मग आलेल्या फाइली ठेवायला डिस्क हवी, डिस्कसाठी फाइलव्यवस्था हवी. गरज वाढत गेली आणि कर्नल आकार घेऊ लागले. त्याच वर्षी एकदा मोडेमऐवजी चुकून डिस्कलाच नंबर फिरवण्याची आज्ञा गेली आणि त्याच्या मिनिक्सचा महत्त्वाचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसवायची की स्वतःच्याच प्रणालीवर राहायचे? तो स्वतःच्या प्रणालीवर राहिला.

मग लिनक्सची जन्मतारीख कोणती? २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्सने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या सार्वजनिक संदेशफलकावर लिहिले की, आपण हौसेखातर एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम करत आहोत, ती ग्नूसारखी मोठी वगैरे होणार नाही. हा संदेश आजही वाचायला मिळतो. पण त्या दिवशी कोणाच्या हाती काही पडले नव्हते. ०.०१ आवृत्तीच्या फाइलींवर १७ सप्टेंबर १९९१ ही तारीख आहे. सुमारे १०,००० ओळींची ही आवृत्ती थोड्या ओळखीच्या लोकांनाच कळवली गेली. सर्वांसाठी जाहीर झाली ती ०.०२ आवृत्ती, ५ ऑक्टोबर रोजी. तीन तारखा, आणि तिन्हींना पुरावा आहे. आपल्या हजेरीपटातल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असते, ती का असते हे शिक्षकांना ठाऊकच आहे. तिथे पुरावाच नसतो म्हणून एक तारीख ठरते, इथे पुरावा भरपूर म्हणून एक ठरत नाही! आमच्या मते २५ ऑगस्टला वाढदिवस करण्यापेक्षा मुलांना तिन्ही तारखा सांगून 'जन्म म्हणजे काय' हा वाद वर्गात घडू द्यावा.

नावाचीही अशीच गंमत. टोरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' असे नाव होते. फाइली ज्या संगणकावर ठेवायच्या त्याची व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेम्के यांना ते आवडले नाही, त्यांनी आपल्या मनानेच कप्प्याला 'लिनक्स' नाव दिले. आणि ०.०१ सोबत चालवायला जी साधने लागत ती ग्नूची होती, हेही कागदावर आहे. म्हणून स्टॉलमन संपूर्ण प्रणालीला 'ग्नू/लिनक्स' म्हणावे असा आग्रह धरतात. तो आग्रह आम्हाला रास्त वाटतो, जरी बोलीत तो टिकणार नाही.

सुरुवातीचा परवाना पैसे घेऊन प्रती देण्याला मनाई करणारा होता. १९९२ च्या सुरुवातीला टोरवाल्ड्सने ग्नूचा जीपीएल परवाना स्वीकारला : हवे तर विका, बदला, पण पुढच्याला मूळ आज्ञावली आणि हेच हक्क द्या. त्यानंतर जगभरातून लोक भर घालू लागले. मार्च १९९४ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या.

आणि इथेच अडचण निर्माण झाली. एकट्याने लिहिलेल्या वहीचा लेखक कोण हे सांगता येते. शेकडो हातांनी लिहिलेल्या वहीचे काय? शिवाय एकाने तरी दुसऱ्याच्या वहीतून उतरवले नसेल कशावरून?

२००४ साली अमेरिकेतील एका धोरण-संस्थेच्या केन ब्राउन यांनी असे मांडले की एकटा विद्यार्थी इतक्या थोड्या काळात कर्नल लिहूच शकत नाही, त्यामुळे ते मिनिक्सवरून घेतले असणार. टॅनेनबॉम यांना हे आयतेच फावायला हवे होते. कारण जानेवारी १९९२ मध्ये त्यांनीच लिनक्सची रचना कालबाह्य आहे अशी जाहीर टीका करून टोरवाल्ड्सशी कडाक्याचा वाद घातला होता. पण त्यांनी उलट लेखी साक्ष दिली की लिनक्स टोरवाल्ड्सनेच लिहिले, एकट्याने कर्नल लिहिणे शक्य असते, मी स्वतः लिहिले आहे. ब्राउन यांच्याच सांगण्यावरून एका प्रोग्रामरने दोन्हींच्या जुन्या आवृत्त्या ओळीला ओळ लावून तपासल्या. उचलल्याचा पुरावा सापडला नाही. जुन्या आवृत्त्या जपलेल्या होत्या म्हणूनच ही तपासणी होऊ शकली.

मोठा दावा त्याआधीच, मार्च २००३ मध्ये, दाखल झाला होता. एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर फिर्याद केली. युनिक्सचे हक्क आमचे आहेत, आणि आयबीएमने आमची मालमत्ता लिनक्समध्ये घातली. मागणी एक अब्ज डॉलरपासून सुरू होऊन पाच अब्जांवर गेली. लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांना परवाना शुल्काची मागणी होऊ लागली. कोणत्या ओळी, हे मात्र एससीओ उघड सांगेना. ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात त्यांनी दोन नमुने पडद्यावर दाखवले. मजकूर वाचता येऊ नये म्हणून एका भागाची अक्षरे ग्रीक केली होती. पण ती केवळ टंक बदलून केलेली युक्ती होती, लोकांनी टंक उलटा फिरवून मजकूर वाचला! मग शोध सुरू झाला. एक नमुना स्मृतीचे वाटप करणाऱ्या आज्ञावलीचा निघाला. तो खरोखरच जुन्या युनिक्सच्या वंशातला होता, म्हणजे आरोप अगदीच हवेतला नव्हता. पण वंश किती जुना? त्या कामाची आज्ञावली लायन्स यांच्या पुस्तकात क्रमांकित ओळींसह छापलेली होती. आणि २००२ च्या जानेवारीत ते जुने युनिक्स मुक्त परवान्याखाली खुले केले होते ते कॅल्डेरा कंपनीने. कॅल्डेरा म्हणजे एससीओ ग्रुपचेच आधीचे नाव. दुसरा नमुना बर्कली विद्यापीठाच्या मुक्त आज्ञावलीशी निगडित होता. १९७० च्या दशकात एका शिक्षकाने मुलांसाठी छापलेल्या टिपणांचा उपयोग असाही होईल, हे लायन्स यांना स्वप्नातही वाटले नसेल.

पुढे मार्च २०१० मध्ये ज्युरीने युनिक्सचे स्वामित्वहक्क एससीओकडे नव्हे तर नोव्हेल या कंपनीकडे आहेत असा निर्णय दिला. एससीओ दिवाळखोरीत गेली होती. आयबीएमसोबतचे उरलेसुरले प्रकरण २०२१ साली १ कोटी ४२.५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले.

या प्रकरणातून दोन व्यवस्था पुढे आल्या. २००४ मध्ये कर्नलसाठी 'उगमाचे प्रमाणपत्र' सुरू झाले. भर घालणारा प्रत्येक जण आपल्या बदलाखाली नावाने लिहून देतो की हे मी लिहिले आहे किंवा मला पुढे देण्याचा हक्क आहे. तो बदल ज्यांच्या हातून पुढे गेला तेही खाली आपली नावे घालतात. आणि एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्सने 'गिट' हे नोंदवही ठेवण्याचे साधन लिहिले. आधी वापरात असलेल्या साधनाची मोफत सवलत बंद झाली, हे त्याचे तात्कालिक कारण.

गिट समजावायला सातबारा उत्तम. सातबारावर आजची स्थिती दिसते, तशी आज्ञावलीची आजची प्रत. ती स्थिती कशी आली ते फेरफार नोंदींवरून कळते : खरेदी, वारस, वाटणी, प्रत्येकीला क्रमांक. गिटमध्ये प्रत्येक बदल हा एक फेरफार. कोणी केला, केव्हा, का, आणि आधीचा फेरफार कोणता. मात्र क्रमांक एक, दोन, तीन असा नसतो. नोंदीतल्या सर्व मजकुरावरून गणित करून ४० अक्षरांची खूण काढतात, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. बँकेच्या पासबुकात प्रत्येक ओळीची शिल्लक मागच्या शिल्लकेवर अवलंबून असते तसे. पाच वर्षांपूर्वीची एक रक्कम कोणी खोडून बदलली तर पुढच्या सगळ्या शिलका चुकतात. पासबुकात दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. गिटची खूण अशी आहे की ठरवूनही तसे जुळवणे फार कठीण. अर्थात फेरफार नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे जसे नाही, तसेच इथेही आहे. नोंद बदललेली नाही इतकेच गिट सांगते, नोंदवणारा खरे बोलला की नाही ते सांगत नाही.

गिटमधील कर्नलच्या पहिल्याच नोंदीत, १६ एप्रिल २००५ रोजी, टोरवाल्ड्सने लिहून ठेवले आहे की जुना इतिहास हाताशी असूनही आपण तो इथे आणत नाही. तो फार जागा खाईल! इतिहास जपणारी वही अशी मधूनच सुरू होते. त्याआधीचे दुवे इतरांनी नंतर जमवून जोडले.

तलाठ्याच्या वहीत आणि गिटमध्ये आणखी एक फरक आहे. ज्याने आज्ञावली घेतली त्याच्याकडे बहुधा सगळा इतिहासही येतो, म्हणून प्रती हजारो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. माणसे गेली, आणि घराघरांतले दाखले, वह्या, फोटो चिखलात गेले. एकच प्रत म्हणजे काय, हे इथल्या मुलांनी पाहिले आहे. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचेही असेच झाले होते, ती चालू स्थितीत उरली नव्हती. पण १९७२ चा एक छापील कागदी संच सापडला, हौशी लोकांनी तो ओळ-ओळ तपासून संगणकात भरला आणि २००८ मध्ये ती पुन्हा चालवून दाखवली.

रायगड जिल्ह्यात लिनक्स शाळेत आले ते कर्जत तालुक्यातील खैरात येथे, २००७ साली. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे भारतातले एक सुरुवातीचे केंद्र तिथल्या प्राथमिक शाळेत होते आणि त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत लिनक्सच होते. आज वेगळे यंत्र आणायची गरज नाही. अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्स आहे. वर्गात फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि तिथून 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडून 'कर्नल व्हर्जन' ही ओळ शोधा. काही फोनमध्ये ती जरा आत असते. तिथला पहिला आकडा, ४, ५ किंवा ६ ने सुरू होणारा, फळ्यावर लिहा, आणि ०.०१ पासून तिथपर्यंतच्या तारखा मुलांना शोधू द्या. प्रत्येक तारखेपुढे ती कशावरून कळली, तेही लिहायला सांगा.